कोबाल्ट ऑक्साइडमध्ये चुंबकत्व आणि डायइलेक्ट्रिक गुणधर्म कसे जोडलेले असतात: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोव्यातलं कुठलंही कॅम्पस घ्या, ताळगाव पठार असो, झुआरीनगर असो की फर्मागुडी, एमएस्सीच्या प्रकल्पात कोबाल्टचं एखादं ऑक्साइड वाट्याला आलं की विद्यार्थी साधारण हेच प्रश्न घेऊन येतात. दोन-तीन प्रश्न पालकांचे आहेत, तेही ठेवले आहेत. बारावीतला कपॅसिटर आठवत असेल तर वाचायला अडचण येऊ नये.

चुंबकत्व आणि डायइलेक्ट्रिक गुणधर्म यांचं ‘कपलिंग’ म्हणजे नेमकं काय?

पदार्थाची पातळ चकती घ्या, दोन्ही तोंडांना चांदीचा लेप द्या, झाला कपॅसिटर. आता ही चकती चुंबकीय क्षेत्रात ठेवा. क्षेत्र वाढवत नेल्यावर कपॅसिटन्स बदलला, तर त्याला मॅग्नेटोडायइलेक्ट्रिक परिणाम म्हणतात. तो टक्क्यांत सांगतात: क्षेत्रातला डायइलेक्ट्रिक स्थिरांक वजा शून्य क्षेत्रातला, भागिले शून्य क्षेत्रातला, गुणिले शंभर.

चुंबकत्व येतं इलेक्ट्रॉनांच्या स्पिनमधून आणि कक्षेतल्या फिरण्यातून. डायइलेक्ट्रिक स्थिरांक येतो विद्युत क्षेत्रात धन आणि ऋण प्रभार किती सरकतात यातून. वरवर पाहता एकाचा दुसऱ्याशी संबंध असायचं कारण नाही. पण स्पिन ज्या आयनावर बसलेला आहे तोच आयन सरकणार असतो. स्पिनांची मांडणी बदलली की आयनांमधली अंतरं आणि कोन किंचित बदलतात, आणि मग सरकण्याची सोयही बदलते. कपलिंग म्हणतात ते हेच.

मॅग्नेटोडायइलेक्ट्रिक, मॅग्नेटोइलेक्ट्रिक, मल्टिफेरॉइक: तिन्ही एकच का?

नाही, आणि प्रबंधात ते एकमेकांच्या जागी वापरले तर परीक्षक थांबवणारच.

रेषीय मॅग्नेटोइलेक्ट्रिक पदार्थात चुंबकीय क्षेत्र लावलं की त्याच्या प्रमाणात विद्युत ध्रुवीकरण (धन आणि ऋण प्रभारांची एकमेकांपासून एका दिशेची सरक) तयार होतं. असं होऊ शकतं याची शक्यता पिएर क्युरीने १८९४ मध्ये सममितीच्या आधारे मांडली होती. १९५९ मध्ये झ्यालोशिन्स्कीने क्रोमियम ऑक्साइडचं नाव घेऊन भाकीत केलं आणि १९६० मध्ये अस्त्रोव्हने ते मोजून दाखवलं. या पदार्थाचा चुंबकीय क्रम ३०७ केल्व्हिनला, म्हणजे ३४ अंश सेल्सिअसला मोडतो. आपल्याकडच्या मे महिन्यात पंख्याखाली ठेवला तरी काठावरच! अशा परिणामासाठी स्फटिकाची सममिती विशिष्ट प्रकारे मोडलेली लागते: अवकाश उलटवला तरी बदल दिसला पाहिजे आणि काळ उलटवला तरीही.

मल्टिफेरॉइक म्हणजे एकाच पदार्थात चुंबकीय क्रम आणि फेरोइलेक्ट्रिक क्रम (बाहेरच्या क्षेत्राशिवायही टिकणारं, उलटवता येणारं ध्रुवीकरण) असे दोन्ही. हा शब्द हान्स श्मिड यांनी १९९४ मध्ये रूढ केला. त्या विषयाला खरा जोर आला तो २००३ नंतर, टर्बियम मँगनाइट आणि बिस्मथ फेराइटच्या पातळ थरांवरचे निष्कर्ष आले तेव्हा.

मॅग्नेटोडायइलेक्ट्रिक ही सगळ्यांत सैल अट आहे. ऊर्जेच्या सूत्रात ध्रुवीकरणाचा वर्ग गुणिले चुंबकनाचा (पदार्थ किती चुंबकला आहे त्याचा) वर्ग ही संज्ञा कुठल्याही सममितीत चालते, तिला कसलीच मनाई नाही. म्हणून हा परिणाम बऱ्याच पदार्थांत थोडाबहुत सापडतो. सैल अट असल्यामुळेच तो नसलेल्या ठिकाणीही सापडल्यासारखा वाटतो. त्याबद्दल पुढे सविस्तर.

कोबाल्टच का? लोह, मँगनीज चालत नाही का?

चालतात. पण कोबाल्टकडे एक जास्तीची कळ आहे.

तीन धन प्रभाराच्या कोबाल्ट आयनावर सहा डी-इलेक्ट्रॉन असतात. भोवतालच्या ऑक्सिजनांची मांडणी कशी आहे त्यावर ते सहा जण कसे बसतील ते ठरतं. सगळे जोडीने बसले तर एकूण स्पिन शून्य, शक्य तितके सुटे बसले तर दोन. मधली, एक स्पिनची अवस्थाही चर्चेत असते आणि तिच्यावरून वादही भरपूर झालेत. गंमत अशी की स्पिन बदलला की आयनाचा आकारही बदलतो: कमी स्पिनमध्ये त्रिज्या ०.५४५ अँगस्ट्रॉम, जास्त स्पिनमध्ये ०.६१. सुमारे बारा टक्क्यांचा फरक! लँथॅनम कोबाल्ट ऑक्साइडमध्ये तर कमी तापमानाला आयन जवळजवळ अचुंबकीय असतो आणि शंभर केल्व्हिनच्या आसपास नुसत्या उष्णतेने चुंबकीय होऊ लागतो. स्पिन आणि स्फटिकजाल इतके गुंतलेले असतील तर डायइलेक्ट्रिक स्थिरांक अलिप्त राहणं कठीण.

दुसरं कारण कक्षीय चुंबकत्वाचं. बहुतेक संक्रमण धातूंच्या ऑक्साइडांत इलेक्ट्रॉनांचं कक्षीय फिरणं जवळजवळ दाबलं जातं. कोबाल्टमध्ये ते बऱ्याचदा शिल्लक राहतं, त्यामुळे स्पिनला एक आवडती दिशा मिळते आणि ती दिशा तो सहजी सोडत नाही.

आमचा पदार्थ ‘३२६’ आहे. हे काय प्रकरण आहे?

तीन कॅल्शियम, दोन कोबाल्ट, सहा ऑक्सिजन. प्रयोगशाळेत तीन-दोन-सहा म्हणतात. चांगला पदार्थ मिळाला आहे, तक्रार करू नका.

यात कोबाल्टच्या साखळ्या असतात. एका साखळीत दोन प्रकारची घरं आळीपाळीने येतात: एक अष्टफलक आणि एक त्रिकोणी प्रचिन (प्रिझम), दोन्ही सहा ऑक्सिजनांची, एकमेकांना अख्खं तोंड चिकटवून उभी. दोन्ही घरांत कोबाल्टचा प्रभार तीनच, पण अष्टफलकातल्या आयनाचा स्पिन शून्य आणि प्रचिनातल्याचा दोन. एकच मूलद्रव्य, तोच प्रभार, शेजारी शेजारी घरं, तरी एक अचुंबकीय आणि एक भक्कम चुंबकीय. साखळीत शेजारच्या कोबाल्टांतलं अंतर सुमारे २.६ अँगस्ट्रॉम, तर एका साखळीपासून दुसरी सुमारे ५.२ अँगस्ट्रॉमवर, मध्ये कॅल्शियम. म्हणजे साखळीच्या आत घट्ट नातं, बाहेर सैल.

साखळीच्या आत सगळे स्पिन एकाच दिशेला वळतात, साखळीच्या अक्षाला समांतर, वर किंवा खाली. आडवे पडत नाहीत. म्हणून अख्खी साखळी एक मोठा बाण मानता येते. आता वरून पाहा: हे बाण त्रिकोणी जाळ्यात उभे आहेत आणि शेजारी साखळ्यांना एकमेकींच्या उलट दिशेला वळायचं आहे. त्रिकोणातल्या दोघी उलटसुलट झाल्या की तिसरीने काय करावं? वर झाली तर एकीशी बिघडतं, खाली झाली तर दुसरीशी. यालाच फ्रस्ट्रेशन म्हणतात. २५ केल्व्हिनच्या आसपास चुंबकीय क्रम येतो खरा, पण तो निर्धास्त नसतो.

साखळीच्या दिशेने क्षेत्र लावलं की प्रत्येक त्रिकोणात दोन साखळ्या वर आणि एक खाली अशी तडजोड होते. मग चुंबकन एका पातळीवर सपाट राहतं: पूर्ण मूल्याच्या बरोबर एक तृतीयांशावर. ३.६ टेस्लाला तिसरी साखळीही उलटते आणि चुंबकन उडी मारून साधारण ५ बोर मॅग्नेटॉनपर्यंत (अणूंच्या चुंबकत्वाचं एकक) जातं. नुसत्या स्पिनचा हिशेब केला तर ४ यायला हवेत. वरची भर कक्षीय चुंबकत्वाची.

दहा केल्व्हिनच्या खाली आणखी मजा. त्या सपाट भागातच साधारण १.२ टेस्लाच्या अंतराने पायऱ्या दिसू लागतात. त्या कुठे आणि किती स्पष्ट दिसतील हे क्षेत्र किती वेगाने वाढवलं यावर अवलंबून असतं. म्हणून वहीत हा वेग (स्वीपचा वेग) लिहिला नसेल तर तो आलेख दुसऱ्या कुणाच्या आलेखाशी ताडून पाहता येत नाही.

हे सगळं चुंबकत्वाचं झालं. डायइलेक्ट्रिक स्थिरांकाला त्याची खबर कशी लागते?

२००८ मध्ये फ्रान्समधल्या कां इथल्या संशोधकांनी दाखवलं की ३२६ मध्ये चुंबकनाची पातळी जिथे बदलते तिथेच डायइलेक्ट्रिक स्थिरांकातही खूण उमटते. पण यंत्रणा समजून घ्यायची तर त्याचं भावंड जास्त सोयीचं आहे.

३२६ मधला अष्टफलकातला कोबाल्ट काढून तिथे मँगनीज बसवा. आता साखळीत दोन धन प्रभाराचा कोबाल्ट आणि चार धन प्रभाराचा मँगनीज आळीपाळीने येतात. इथे शेजाऱ्याशेजाऱ्यांचं आणि एक सोडून पलीकडच्याचं, अशी दोन नाती एकमेकांवर कुरघोडी करतात आणि मार्ग निघतो तो असा: वर, वर, खाली, खाली. पुन्हा वर, वर, खाली, खाली.

कागदावर काढून पाहा. कोबाल्टवर २, मँगनीजवर ४ लिहा आणि वर बाण द्या. काही जोड्यांत दोन्ही बाण एका दिशेला, काहींत उलट. सारख्या बाणांच्या जोडीतलं अंतर आणि उलट बाणांच्या जोडीतलं अंतर थोडंसं वेगळं होतं, कारण तसं केल्याने चुंबकीय ऊर्जा वाचते. याला एक्स्चेंज स्ट्रिक्शन म्हणतात. साखळीत सगळे आयन सारखेच असते तर एवढ्याने ध्रुवीकरण झालं नसतं. पण इथे एक आयन दोनचा आणि एक चारचा. त्यामुळे प्रत्येक कोबाल्ट एका बाजूच्या मँगनीजकडे सरकतो आणि दुसऱ्यापासून दूर जातो, सगळे एकाच दिशेने. साखळीभर द्विध्रुव तयार! १६ केल्व्हिनच्या आसपास हा क्रम येतो आणि त्याबरोबर ध्रुवीकरणही येतं. हेही २००८ मध्येच प्रसिद्ध झालं. बेरियम टायटनेट या नेहमीच्या फेरोइलेक्ट्रिकच्या तुलनेत हे ध्रुवीकरण हजारो पटींनी क्षीण आहे, पण ते निव्वळ स्पिनांच्या मांडणीतून जन्मलेलं आहे, हे विसरू नका.

सगळ्या कोबाल्ट ऑक्साइडांत हीच यंत्रणा असते असं नाही. कोबाल्ट क्रोमाइटमध्ये, म्हणजे कोबाल्ट-क्रोमियमच्या स्पिनेलमध्ये (स्पिनेल ही एक स्फटिकरचना), २६ केल्व्हिनच्या खाली स्पिन शंकूसारखे फिरत जातात आणि त्या फिरण्यातून अगदी बारीक ध्रुवीकरण येतं. चार कोबाल्ट आणि दोन नायोबियमच्या ऑक्साइडमध्ये २७ केल्व्हिनच्या खाली क्षेत्र नसताना ध्रुवीकरण नाही, क्षेत्र लावलं की आहे. तुमच्या पदार्थाची यंत्रणा कुठली हे चुंबकीय रचना माहीत असल्याशिवाय सांगता येत नाही, आणि चुंबकीय रचना न्यूट्रॉन विवर्तनाशिवाय कळत नाही.

डिचोली-सांग्याच्या खाणींत कोबाल्ट मिळतं का?

नाही, तिथे लोखंड आणि थोडं मँगनीज. जगातलं निम्म्याहून जास्त कोबाल्ट काँगोतून येतं. पण गोव्याचा कोबाल्टशी दुसऱ्या वाटेने संबंध आहे. दोना पावल्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या ‘गवेषणी’ जहाजाने २६ जानेवारी १९८१ रोजी अरबी समुद्राच्या तळातून बहुधातुक गोटे वर काढले. पुढे भारताला मध्य हिंदी महासागरात ७५,००० चौरस किलोमीटरचा पट्टा संशोधनासाठी मिळाला. त्या गोट्यांत मँगनीज, निकेल, तांबं आणि सुमारे ०.१ टक्का कोबाल्ट असतं. तुमची पावडर मात्र बाटलीतूनच येणार.

पावडर कशी तयार करायची? किती वजन घ्यायचं?

कॅल्शियम कार्बोनेट आणि कोबाल्टचं काळं ऑक्साइड (तीन कोबाल्ट, चार ऑक्सिजनवालं). पाच ग्रॅम ३२६ हवं असेल तर कार्बोनेट ४.४९४ ग्रॅम आणि कोबाल्ट ऑक्साइड २.४०२ ग्रॅम. कार्बोनेट वजन करण्याआधी वाळवून घ्या, नाहीतर हवेतलं पाणीच तोलाल. अगेटच्या खलात घोटा, कंटाळा आला की आणखी घोटा. ९०० अंशांना भाजा, परत घोटा, पेलेट (पावडरची चकती) दाबा आणि हजार अंशांच्या आसपास एक-दोन दिवस ठेवा. भट्टीत हवा खेळती हवी, कारण या दोन कच्च्या मालांतला ऑक्सिजन थोडा कमी पडतो आणि उरलेला हवेतूनच घ्यावा लागतो.

तापमानाची खिडकी अरुंद आहे. ९२६ अंशांच्या खाली शेजारचा पदार्थ, तीन-चार-नऊ (तीन कॅल्शियम, चार कोबाल्ट, नऊ ऑक्सिजन), स्थिर असतो. १०२६ अंशांच्या वर ३२६ स्वतःच फुटतो. भट्टीचं थर्मोकपल दहा-वीस अंशांनी खोटं बोलत असेल तर ते इथे महागात पडतं.

मास्क आणि हातमोजे घाला. कोबाल्टची धूळ फुप्फुसांना वाईट. खल सिंकमध्ये धुऊन मोकळं होऊ नका, ते पाणी वेगळ्या बाटलीत साठवा.

एक्सआरडी (क्ष-किरण विवर्तनाचा आलेख) स्वच्छ आला. आता निर्धास्त ना?

तेवढ्यावर नको. एक-दोन टक्क्यांची भेसळ साध्या एक्सआरडीत लपू शकते, आणि इथे ती नेमकी वाईट जागी लपते. न जळलेलं काळं कोबाल्ट ऑक्साइड ३० ते ४० केल्व्हिनच्या दरम्यान प्रतिलोहचुंबकीय होतं. तीन-चार-नऊ १९ केल्व्हिनला फेरीचुंबकीय होतं. तुमचा २५ केल्व्हिनचा क्रम बरोबर या दोघांच्या मध्ये. १९ ला वळण दिसलं तर नवीन संक्रमण सापडल्याचा आनंद करण्याआधी पावडर पुन्हा भाजा.

मोजमाप करताना नमुन्याच्या बंद कप्प्यात हवा शिरली असेल तर ४३ केल्व्हिनजवळही टेकडी दिसते. ती गोठलेल्या ऑक्सिजनची.

कपॅसिटन्स मोजणं सोपंच की! एलसीआर मीटर जोडायचा, आकडा वाचायचा.

हिशेब करून पाहा. १० मिलिमीटर व्यासाची, १ मिलिमीटर जाडीची पेलेट. डायइलेक्ट्रिक स्थिरांक समजा १५. कपॅसिटन्स येतो साधारण १०.४ पिकोफॅराड. आणि साध्या कोॲक्सियल केबलचा कपॅसिटन्स एका मीटरला १०० पिकोफॅराडच्या घरात. क्रायोस्टॅटच्या (नमुना थंड ठेवणाऱ्या भांड्याच्या) तळापर्यंत जायला मीटरभर केबल लागतेच. म्हणजे तुम्ही नमुन्याच्या दहापट केबल मोजत आहात.

आता परिणाम ०.१ टक्क्याचा असेल तर बदल आहे ०.०१ पिकोफॅराडचा. केबल थोडी हलली, थंड करणाऱ्या द्रवाची पातळी उतरली, तरी एवढा फरक पडतो. उपाय: चार वेगळ्या केबल, त्यांची वेष्टनं नमुन्याजवळ आणून एकत्र जोडलेली, आणि मीटरचं ओपन-शॉर्ट करेक्शन (टोकं मोकळी आणि मग जोडलेली ठेवून केलेली दुरुस्ती) त्याच केबलसकट केलेलं. पेलेट जमेल तितकी पातळ घासा. अर्धा मिलिमीटर केली की कपॅसिटन्स दुप्पट. रिकामं सँपल होल्डर घेऊन तेच क्षेत्र आणि तेच तापमान फिरवून बघणं हे सगळ्यांत कंटाळवाणं आणि सगळ्यांत उपयोगी काम आहे. बहुतेक जण टाळतात.

खोलीच्या तापमानाला स्थिरांक दहा हजार आला, आणि क्षेत्रात वीस टक्के बदलतो! पेपर लिहायला घेऊ?

नको. तुम्ही बहुतेक गळती मोजली आहे.

पेलेट म्हणजे एकसंध दगड नव्हे. तिच्यात मायक्रॉनभर आकाराचे दाणे असतात आणि दाण्यांच्या मध्ये पातळ सीमा. खोलीच्या तापमानाला कोबाल्टची ही ऑक्साइडं बऱ्यापैकी वीज वाहू देतात, निदान दाण्याच्या आत. सीमा मात्र अडवतात. खाजन शेतातलं पाणी डोळ्यांसमोर आणा: शेतात मोकळं फिरतं, बांधाशी येऊन थांबतं. तसा प्रभार दाण्यात मोकळा फिरतो आणि सीमेशी साचतो. मीटरला दाणा दिसतच नाही, दिसते ती फक्त पातळ सीमा. कपॅसिटन्स जाडीच्या व्यस्त प्रमाणात असतो, पण तुम्ही सूत्रात जाडी घातली आहे अख्ख्या पेलेटची. मग स्थिरांक हजारांत आला तर नवल काय? याला मॅक्सवेल-वॅग्नर परिणाम म्हणतात. हे चांदीच्या लेपाखालीही होतं.

२००० च्या सुमारास कॅल्शियम कॉपर टायटनेटमध्ये दहा हजारांच्या पुढचे स्थिरांक सापडले आणि जगभर धावपळ उडाली. नंतर पुष्कळ तपासाअंती बहुतेकांचं मत या सीमांवरच येऊन ठेपलं.

मग चुंबकीय क्षेत्रात बदल का होतो? दाण्याचा रोध क्षेत्रात बदलतो म्हणून. त्याला मॅग्नेटोरेझिस्टन्स म्हणतात आणि तो अनेक चुंबकीय ऑक्साइडांत असतो. रोध बदलला की प्रभार सीमेपर्यंत पोचण्याचा वेळ बदलतो, आणि ठरावीक वारंवारतेला मीटर जो कपॅसिटन्स दाखवतो तोही बदलतो. स्पिन आणि ध्रुवीकरण यांचं कसलंही नातं नसताना! २००६ मध्ये गुस्ताऊ कातालान यांनी हे गणिताने मांडून दाखवलं. त्यानंतरही खोलीच्या तापमानाच्या ‘प्रचंड’ मॅग्नेटोडायइलेक्ट्रिक परिणामाचे पेपर येत राहिले, ते का येतात हे मला आजवर उमगलेलं नाही.

मग खरं कपलिंग ओळखायचं कसं?

आधी टॅन डेल्टा बघा, म्हणजे गळती आणि साठवण यांचं गुणोत्तर. स्थिरांकाचा आलेख त्याच्याशिवाय दाखवायचाच नाही. टॅन डेल्टा ०.०१ च्या खाली असेल तर बोलायला जागा आहे. एकच्या आसपास असेल तर तो कपॅसिटर नसून रोधक आहे.

मग वारंवारता. एक किलोहर्ट्झला असलेला परिणाम एक मेगाहर्ट्झला नाहीसा झाला, तर संशय सीमांवर. खरी स्फटिकातली गोष्ट या पट्ट्यात वारंवारतेवर फारशी अवलंबून नसते. चुंबकीय संक्रमणाच्या तापमानाला पडलेली खूण वारंवारता बदलली तरी तिथेच राहिली पाहिजे. सरकत असेल तर ते रिलॅक्सेशन (प्रभारांचं मागे पडत स्थिरावणं) आहे. ३२६ मध्ये इथे थोडी अडचण होते, कारण त्याचे स्पिनच संथ आहेत आणि त्यांच्या हालचालीचा काळही दहा केल्व्हिनजवळ वारंवारतेवर अवलंबून दिसतो. अशा वेळी एसी चुंबकीय ससेप्टिबिलिटी (आलटत्या चुंबकीय क्षेत्राला चुंबकनाचा प्रतिसाद) मोजा. डायइलेक्ट्रिक खूण आणि चुंबकीय खूण वारंवारतेबरोबर सारख्याच सरकत असतील तर ते उलट कपलिंगच्या बाजूने बोलतं.

लेप बदलून बघा, चांदीऐवजी सोनं. जाडी बदलून बघा. त्याच नमुन्याचा त्याच क्षेत्रात डीसी रोध मोजा. स्थिरांकातला बदल चुंबकनाच्या वर्गाशी मांडून बघा. सरळ रेष आली तर छान, नाही आली तर पदार्थ तुम्हाला काहीतरी वेगळं सांगतो आहे. ३२६ मध्ये सपाट भाग आणि उडी या दोन्ही जागा डायइलेक्ट्रिक आलेखातही दिसल्या पाहिजेत. इथे पेलेटची एक मर्यादा आहे: दाणे वेड्यावाकड्या दिशांना असल्यामुळे एक तृतीयांशाची पातळी पुसट होते. एकस्फटिक मिळाला तर साखळीच्या दिशेने आणि आडवं अशी दोन्ही मोजमापं करा. आडव्या क्षेत्रात जवळजवळ काहीच झालं नाही तर तुमचा दावा भक्कम.

दोन लपलेले चोर आणखी आहेत. एक तापमान. क्षेत्र बदलताना नमुना किंचित गरम-थंड होतो, शिवाय काही थर्मामीटर क्षेत्रात चुकीचं वाचतात. संक्रमणाजवळ स्थिरांक तापमानाबरोबर झपाट्याने बदलत असेल तर ०.१ केल्व्हिनची चूकही परिणामासारखी दिसते. दुसरा मॅग्नेटोस्ट्रिक्शन: चुंबकीय क्षेत्रात पेलेट स्वतःच आखडते किंवा लांबते. कोबाल्ट फेराइटमध्ये हा बदल दहा लाखांत शंभर-दोनशे भागांचा असतो, म्हणजे ०.०१ ते ०.०२ टक्के. तुमचा परिणाम एवढाच असेल तर तुम्ही मोजपट्टी बनवली आहे.

ध्रुवीकरणाचा दावा करायचा असेल तर पायरोकरंट (तापवताना ध्रुवीकरण बदलल्यामुळे वाहणारा प्रवाह) मोजावा लागतो. विद्युत क्षेत्र लावून थंड करायचं, क्षेत्र काढून टोकं बराच वेळ जोडून ठेवायची, मग सावकाश तापवत पिकोॲम्पिअरचा प्रवाह नोंदवायचा. विद्युत क्षेत्राची दिशा उलटी केली की प्रवाहाचं चिन्ह उलटलं पाहिजे. तेवढ्यानेही अडकलेल्या प्रभारांचा संशय फिटत नाही, म्हणून तापवण्याचा वेग बदलून बघा: खरं शिखर जागेवर राहतं.

द्रव नायट्रोजनवर काम भागेल का?

३२६ साठी नाही. नायट्रोजन ७७ केल्व्हिनला उकळतो, पंप लावून ओढला तरी ६३ च्या आसपास गोठतो. तुमची सगळी गंमत २५ च्या खाली. त्याला द्रव हेलियम हवा (४.२ केल्व्हिन) किंवा बंद चक्राचा क्रायोस्टॅट.

नायट्रोजनवरच थांबायचं असेल तर पदार्थ बदला. लँथॅनम-कोबाल्ट-मँगनीजचं दुहेरी पेरोव्हस्काइट (हीही एक स्फटिकरचना) २२५ केल्व्हिनच्या आसपास लोहचुंबकीय होतं. फक्त त्यात कोबाल्ट आणि मँगनीज आपापल्या जागी नीट बसलेत की नाही यावर सगळं अवलंबून असतं, आणि गळतीचा त्रासही तिथे जास्त.

हे सगळं गोव्यात होतं का?

पावडर, पेलेट, एक्सआरडी, खोलीच्या तापमानापासून नायट्रोजनपर्यंतचा डायइलेक्ट्रिक अभ्यास: हो. एकदम कमी तापमान आणि मोठं चुंबकीय क्षेत्र लागलं की साधारणपणे इंदूरच्या यूजीसी-डीएई वैज्ञानिक संशोधन संघाकडे प्रस्ताव पाठवतात. विद्यापीठांतल्या लोकांसाठीच ती सोय आहे. न्यूट्रॉन विवर्तनासाठी मुंबईत तुर्भ्याची (ट्रॉम्बे) ध्रुव अणुभट्टी. साखळीच्या या कुटुंबावर मुंबईच्या टीआयएफआरमध्ये (टाटा मूलभूत संशोधन संस्थेत) बरंच काम झालेलं आहे, ते पेपर आधी वाचा. प्रस्ताव लिहिताना खोलीच्या तापमानाचे इम्पिडन्स (वारंवारतेनुसार एकूण विद्युत अडथळा) आलेख जोडा. नमुना गळका नाही हे तिथल्या लोकांना आधी कळलं तर तुमचा आणि त्यांचा वेळ वाचतो.

मुलगी रात्री अकरापर्यंत लॅबमध्ये असते. याचा पुढे काही उपयोग आहे का?

बाजारात उद्या विकायची वस्तू म्हणून नाही. २५ केल्व्हिनला चालणारी मेमरी कुणी घरात ठेवणार नाही. विजेच्या दाबाने चुंबकीय बिट उलटवता आला तर संगणकाची स्मृती कमी ऊर्जेत चालेल, हे मोठं स्वप्न आहे आणि त्यासाठी खोलीच्या तापमानाचे वेगळे पदार्थ शोधले जात आहेत. ३२६ सारखे पदार्थ यंत्रणा कळावी म्हणून अभ्यासतात. मुलीला मात्र पिकोफॅराडपर्यंतचं मोजमाप, व्हॅक्यूम, क्रायोजेनिक्स आणि आपल्याच आकड्यावर संशय घेण्याची सवय लागते. सेमीकंडक्टर आणि उपकरणांच्या कंपन्यांत त्याला मागणी आहे. रात्री उशीर होतो कारण तापमान मिनिटाला एक केल्व्हिनपेक्षा वेगाने बदलायचं नसतं.

क्षेत्रात स्थिरांक कमी झाला. ऋण परिणाम म्हणजे काहीतरी चुकलं का?

नाही. चिन्ह दोन्ही प्रकारचं असू शकतं.

जूनपासून स्थिरांक वाढतच चाललाय. पेलेट तीच, मीटर तोच.

पाऊस. सच्छिद्र पेलेट हवेतलं पाणी ओढते, आणि पाण्याचा स्वतःचा स्थिरांक ८० च्या आसपास. कमी वारंवारतेला टॅन डेल्टाही चढलेला दिसेल. ३२६ मध्ये कॅल्शियम ऑक्साइड थोडं जरी शिल्लक असेल तर ते पाणी घेऊन फुगतं आणि पेलेटला बारीक चिरा जातात, ते आणखी वाईट. १२० अंशांना काही तास वाळवा, थेट डेसिकेटरमध्ये टाका, सिलिका जेल निळं आहे ना ते बघा (तो निळा रंगही कोबाल्टच्याच क्षाराचा, निदान जुन्या पद्धतीच्या जेलमध्ये). लेप दिल्यावर पुन्हा वाळवा. क्रायोस्टॅट बंद करण्याआधी पंप नीट चालू द्या, घाई केली तर २७३ केल्व्हिनजवळ बर्फाची खूण मिळेल आणि ती फार सुंदर दिसेल.

प्रबंधाच्या शीर्षकात ‘कपलिंग’ शब्द वापरू का?

वरच्या तपासण्यांतून खूण टिकली असेल, तर वापरा. फक्त कपॅसिटन्स बदललेला दाखवता येत असेल, तर ‘चुंबकीय क्षेत्रातील डायइलेक्ट्रिक वर्तन’ असं लिहा आणि टॅन डेल्टाचा आलेख पहिल्याच आकृतीत ठेवा. परीक्षक आधी तोच शोधतात.